मेणकापडाची पाठपिशवी: पाणी कुठून शिरतं आणि कसं थांबतं

(दिंडोरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

आज आपण एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायच्या भटकंतीसाठी जी पिशवी पाठीवर टाकतो, ती. त्यातही एक विशिष्ट प्रकार: जाड सुती कॅनव्हासची, वरून मेण चढवलेली, चामड्याच्या वाद्या आणि पितळी बकलं असलेली. गेल्या काही वर्षांत ही पिशवी पुन्हा दुकानांत दिसू लागली आहे. दिसायला देखणी, किमतीला भारी, आणि विकणारा एकच शब्द ठासून सांगतो: ‘वॉटरप्रूफ’.

हा शब्द खरा आहे का, एवढाच आजचा प्रश्न. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही ताटकळणार नाही. मेणकापड पाणी अडवतं, पण मेणकापडाची पिशवी ‘वॉटरप्रूफ’ नसते. आणि तिचं पाणी अडवणं दुकानात विकत मिळत नाही. ते दर वर्षी आपल्याला आपल्या हातानं करावं लागतं. हे ज्याला मान्य असेल त्याच्यासाठी ही पिशवी उत्तम. ज्याला नसेल त्याचे पैसे वाया जातील, आणि ऐन डोंगरात मोबाइल भिजेल. तो भिजला की मदतीला हाक मारायचं साधनच जातं. म्हणून हा विषय फॅशनचा नाही.

दिंडोरीत बसून हे बोलण्याला एक कारण आहे. इथून एका दिवसात करता येण्यासारखं किती आहे बघा. पेठ रस्त्याला लागलं की रामशेज. वणीच्या अंगाला सप्तशृंग गड. त्याच रांगेत अहिवंत, अचला, मोहनदरी. चढायचं नसेल तर वाघाड, करंजवण, ओझरखेड यांच्या पाण्याच्या कडेनं दिवसभर हिंडता येतं. आणि पाऊस? नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला येवला-सिन्नरकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. आपण मधे बसलो आहोत. म्हणजे दिंडोरीहून निघालेला माणूस दुपारपर्यंत कोरड्यातही असू शकतो आणि धुवाधार पावसातही. त्याच्या पिशवीला दोन्ही झेपायला हवं.

नावं काय सांगतात

आधी शब्द नीट करून घेऊ. ‘मेणकापड’ हा आपला जुना शब्द. तेल किंवा मेण पाजलेलं कापड. पुढे रबर आणि प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडालाही आपण तेच म्हणू लागलो. लहान बाळाच्या खाली घालतात ते मेणकापड, त्यात मेणाचा कणही नसतो. तेव्हा दुकानदार ‘वॅक्स’ म्हणाला म्हणून मेण असेलच असं धरून चालू नका. त्याची परीक्षा पुढे सांगतो.

‘कॅनव्हास’ हा शब्द कॅनॅबिस, म्हणजे भांगेच्या कुळातल्या तागासारख्या झाडाच्या नावावरून आला. युरोपात जहाजांची शिडं त्या धाग्याची असत. आपल्याकडे आणि आता जगभर कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. आणि ‘ताडपत्री’? ऐकायला ताडाचं पान वाटतं, पण तो इंग्रजी ‘टारपॉलिन’ आपल्या जिभेवर रुळून झालेला शब्द आहे. टार म्हणजे डांबर. खलाशी कापडाला डांबर फासत. म्हणजे नावातच पाणी अडवायची युक्ती आहे, फक्त आपल्या कानाला ती ताडाच्या झाडावर घेऊन गेली.

पिशवीचे पट्टे ज्या जाड विणलेल्या पट्टीचे असतात ती ‘निवाड’. खाटेला लावतो तीच. इंग्रजांच्या फौजेनं १९०८ साली पायदळाचं सगळं पाठीवरचं सामान सुती निवाडीवर आणलं. त्याआधी चामडं होतं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात ते निभावलं नव्हतं. आपल्या शेजारी देवळालीची छावणी आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत हजारो गोरे सैनिक तिथे थांबत. त्या काळच्या फौजी पिशव्यांचा ठसा आजच्या ‘पारंपरिक’ पाठपिशवीवर अजून आहे: वरून येणारी झडप, दोन वाद्या, बाजूला खिसे.

या मुलखानं ओझं कसं वाहिलं

दिंडोरीचं नाव इतिहासात ज्या लढाईमुळे आहे, तिच्या मुळाशी ओझंच होतं. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. लूट घेऊन परतताना मुघल सरदार दाऊदखान पाठलागावर आला आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठ पडली. महाराजांनी लुटीचं ओझं पुढे काढून दिलं आणि फौजेनं मागे राहून झुंज दिली. ओझं आणि लढाई एकाच पाठीवर चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या काळी जनावराच्या पाठीवर खुर्जी किंवा गोणी, आणि माणसाच्या खांद्यावर पडशी. पडशी म्हणजे दोन तोंडांची लांब पिशवी, एक कप्पा पुढे, एक मागे. वजन दोन्ही बाजूंना सारखं, हात मोकळे. दोन्ही खांद्यांवर पट्टे घालायची पाठपिशवी आपल्याकडे बरीच नंतर आली.

पण पाण्याशी कसं वागायचं, याचं उत्तर या मुलखाकडे एक नव्हतं, चार होती. ती नीट बघितली की मेणकापड आपोआप समजतं.

पहिलं, इरलं. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं ते छप्पर. इथे पानं पाण्याला थांबवत नाहीत, उतरवतात. उतार दिला की पाणी आत शिरायला थांबतच नाही.

दुसरं, घोंगडी. धनगराची खोळ. लोकर पाणी पिते, पण हळू. तिच्यात थोडं नैसर्गिक तेल असतं, आणि ओली झाली तरी ती बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. म्हणजे भिजणं मान्य करून त्याचा त्रास कमी करणं.

तिसरं, चामडं. विहिरीची मोट, पाणक्याची पखाल. तेल पाजून पाजून चामड्याची भोकं बुजवायची.

आणि चौथं, छागल. इथे जरा थांबू, कारण छागल हे आपल्या पिशवीचंच सख्खं भावंड आहे. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ट्रकच्या, बैलगाडीच्या पुढे लटकवलेली तुम्ही पाहिली असेल. तिला मेण नाही, रबर नाही. तरी त्यात पाणी राहतं कसं? सुती धागा पाणी पिऊन फुगतो. धागे फुगले की विणीतली भोकं आवळली जातात. नवी छागल भरली की आधी ठिबकते, मग ठिबकणं कमी होतं. नंतर बाहेरचा पृष्ठभाग फक्त ओलसर राहतो, ती ओल वाऱ्यानं उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे घट्ट विणलेलं साधं कॅनव्हास ओलं झाल्यावर स्वतःच स्वतःला आवळतं. मेण न लावताही.

मग मेण कशासाठी? कारण छागलीचा बाहेरचा भाग ओला असतो. पाण्याला ते चालतं, डब्यातल्या पोळ्यांना चालत नाही.

मेण नेमकं करतं काय

कापूस उत्पादकाला हा प्रयोग माहीत असेल. बोंडातून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाका. तो तरंगतो, लवकर भिजत नाही. आणि औषधाच्या दुकानातला कापूस? टाकला की गट्टम. फरक काय? कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा अगदी पातळ थर असतो. औषधी कापूस उकळून, धुऊन तो थर काढलेला असतो. म्हणजे मेणकापड करताना आपण नवं काहीच करत नाही. कारखान्यात धुऊन टाकलेली गोष्ट कापसाला परत देतो, फक्त जरा सढळ हातानं.

(टेबलावरच्या दोन तुकड्यांवर चमच्यानं पाणी टाकून दाखवलं.)

हा साधा तुकडा. थेंब पसरला, आत गेला. दोन धाग्यांमधल्या बारीक फटीत पाणी आपणहून ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. आता हा मेण लावलेला. थेंब गोल राहिला, तुकडा तिरपा केला की घरंगळला. ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो ना आपण? अळवाच्या पानावरही मेणच असतं, आणि त्याखाली अतिसूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून तिथे थेंब आणखी गोल दिसतो. कापडावर तेवढं जमत नाही, पण तत्त्व तेच. मेणाला पाणी चिकटत नाही, म्हणून वात बंद पडते. शिवाय मेण धाग्यांमधल्या फटीही भरून काढतं.

आता मर्यादा बघा. हाच मेणाचा तुकडा, त्यावर पाणी घालून अंगठ्यानं दाबतो. खालचा कागद ओला झाला. म्हणजे वरून पडणारं, घरंगळून जाणारं पाणी मेण अडवतं. दाबानं आत ढकललेलं पाणी ते कायम अडवू शकत नाही. पिशवीवर दाब कुठे येतो? ओल्या खडकावर टेकवली की तळाला. पाठीशी घासली की मागच्या बाजूला. पट्टे ताणले की शिवणीला. पावसात भिजलेल्या मेणपिशव्या बहुतेक या तीन जागांतून भिजतात, मधल्या कापडातून नाही.

चौथी जागा म्हणजे तोंड. वाकून चिखलातून चढताना झडपेखालून पाणी मानेवरून सरळ आत जातं. त्याला मेण काय करणार?

शिवणीबद्दल एक गोष्ट मोच्याला विचारा. तो आरीनं भोक पाडतो आणि दोऱ्याला आधी मेण चोळतो. दोरा सहज सरकावा हे एक कारण, पण भोक बुजावं हेही दुसरं. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि सुईचं भोक भरतो. पॉलिस्टरचा दोरा मजबूत, कुजत नाही, पण फुगतही नाही. म्हणून चांगल्या पिशवीत एकतर मेण पाजलेला दोरा हवा किंवा शिवणीवर आतून पट्टी हवी.

तेल की मेण

युरोपात खलाशांनी आधी शिडाच्या कापडाला माशाचं तेल आणि जवसाचं तेल चोळलं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्यामुळे कापडावर साय धरल्यासारखा थर बसतो. पण ते कापड पिवळं पडायचं, थंडीत कडक व्हायचं, घडीवर तडकायचं. पुढे खनिज तेलापासून निघणारं पॅराफिन, म्हणजे आपल्या मेणबत्तीचं मेण, स्वस्त झालं आणि तेलाची जागा मेणाच्या मिश्रणानं घेतली.

इथे एक धोक्याची सूचना. काही जण अजून घरी जवसाचं तेल लावायला सांगतात. ते तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. तेलानं माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. हे भिवविण्यासाठी सांगत नाही. सुतारकामात हे माहीत असलेलं सत्य आहे. अशी फडकी मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. आमचं मत विचाराल तर पिशवीला हे तेल लावूच नये.

मेण लावायचं तर दोन जातींचं. पॅराफिन कडक आणि कोरडं, पण एकटं लावलं तर घडीवर पांढरं पडून सोलतं. मधमाशीचं मेण चिवट, चिकट, कापडाला धरून राहतं, पण एकटं लावलं तर हाताला लागतं आणि महागही पडतं. दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण, हे घरी करण्यासारखं सरळ मिश्रण. थंडीच्या दिवसांत फार ताठ वाटलं तर दुसऱ्या मेणाचा वाटा थोडा वाढवायचा.

विकत घेताना

दुकानात चार गोष्टी बघा.

एक, नखानं ओरखडा काढा. खऱ्या मेणकापडावर फिकट रेघ उठते आणि बोट चोळून ऊब दिली की पुसट होते. उठलीच नाही तर बहुधा वरून प्लॅस्टिकचा थर आहे.

दोन, आतली बाजू उघडून शिवण बघा. वाद्या जिथे जोडल्या तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण किंवा रिव्हेट हवं. सगळं वजन तिथेच लोंबतं.

तीन, तळ. तो दुहेरी हवा.

चार, कापडाचं वजन विचारा. बाजारात ते औंसात सांगतात. १० औंसाचं कापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम, १८ औंसाचं म्हणजे सुमारे ६१० ग्रॅम. दिवसाच्या भटकंतीला १८ औंस गरजेपेक्षा जास्त आहे. अंगाला हलकं आणि तळाला जाड, हा मेळ चांगला.

वजनाचं गणित मांडूच. २०-२५ लिटरची मेणकापडाची पिशवी, चामडं आणि पितळ धरून, साधारण दीड किलोच्या घरात जाते. त्याच मापाची नायलॉनची सॅक अर्ध्या-पाऊण किलोत बसते. फरक जवळजवळ एक लिटर पाण्याइतका. आता सामान बघा: उन्हाच्या दिवसांत तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, शिदोरी अर्धा-पाऊण किलो, रेनकोट किंवा शाल, बॅटरी, औषधाची पुडी. पाच किलोच्या आत-बाहेर. दीड किलोची पिशवी घेऊन सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना तरुणाला काही वाटणार नाही, साठीच्या माणसाला वाटेल. तेव्हा पिशवी सुंदर आहे म्हणून एक लिटर पाणी घरी ठेवून निघालात, तर तो सौदा वाईट.

मेण लावायची पद्धत

वेळ: मे महिन्याचा शेवट. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी. ऊन कडक असतं, त्याचा फायदा घ्यायचा.

आधी पिशवी रिकामी करून झटका. सुक्या ब्रशनं माती काढा. मग गार पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा. साबण नको, गरम पाणी नको, वॉशिंग मशीन तर अजिबात नको. एका धुण्यात जुनं मेण निघून जाईल. सावलीत पूर्ण वाळू द्या. आतल्या खिशांत ओल राहिली आणि वरून मेण चढवलं, तर ओल आत कोंडली गेली असं समजा.

मिश्रण साधारण १०० ग्रॅम घ्या. उरलं तर डबीत राहतं. मेण कधीही थेट गॅसवर वितळवू नका. एका पातेल्यात पाणी, त्यात दुसरा डबा, त्यात मेण. मेणाची वाफ पेटते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर ते स्फोटासारखं उडतं. झाकण हाताशी ठेवा.

वितळलेलं मेण जुन्या ब्रशनं पातळ लावा. लगेच थिजून पांढरं दिसेल, घाबरू नका. मग केस वाळवायचं यंत्र फिरवा किंवा पिशवी दुपारच्या उन्हात तारेवर अडकवा. मेण धाग्यात उतरतं आणि पांढरेपणा जातो. शिवणी, तळ आणि झडपेची कड, इथे दुसरा हात. मागची बाजू आणि खांद्याचे पट्टे यांना मेण लावू नका. तिथे घाम आणि अंगाची ऊब असते, सदऱ्याला डाग पडतील. चामड्याच्या वाद्यांना हे मिश्रण नको, चामड्याचं वेगळं मलम लावा.

झाल्यावर एक रात्र टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी नळाखाली धरून बघा. जिथे कापड गडद पडेल तिथे मेण कमी आहे.

पावसाळ्यात घरी आल्यावर पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवू नका. सुती कापड आहे, बुरशी धरते, आणि बुरशी लागली की धागाच कमकुवत होतो. तोंड उघडं ठेवून, उलटी टांगून, वारा लागू द्यायचा. उन्हाळ्यात उलट काळजी. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं. एप्रिलमध्ये बंद गाडीत, काचेमागे ठेवलेली पिशवी सीटवर डाग पाडेल आणि धूळ धरेल. आणि चुलीपासून, शेकोटीपासून लांब. मेण पाजलेलं कापड म्हणजे मोठी वातच आहे.

मग कोणी कोणती घ्यावी

ऑक्टोबर ते मे, दगड, काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, अधूनमधून अवकाळीची सर: इथे मेणकापड बिनधास्त. काट्यानं ओरखडलं तर मेण चोळलं की झालं. जुलै-ऑगस्टमध्ये पेठ-सुरगाण्याकडे जात असाल तर पिशवी कोणतीही असो, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. मोबाइल, औषधं, कोरडा सदरा त्यात. पाणी अडवायचं खरं काम ती दहा-वीस रुपयांची पिशवी करते. नायलॉनच्या सॅकलाही हाच नियम, कारण शिवणी आणि तोंड तिलाही आहेतच.

नायलॉनबद्दल अन्याय नको. ती हलकी आहे, लवकर वाळते, स्वस्त मिळते. पण तिच्या आत पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. तो थर घरी पुन्हा नीट चढवणं जवळजवळ अशक्य. कापड धड असतं, पिशवी मात्र गेलेली असते. मेणकापडाचं नेमकं उलट. ते दर वर्षी बिघडतं आणि दर वर्षी दुरुस्त होतं. मेण आपण लावू शकतो, वादी मोची बदलतो, फाटलं तर ताडपत्री शिवणारा ठिगळ लावतो. तिन्ही माणसं तालुक्याच्या गावात मिळतात.

पर्यावरणाचा दावा मात्र जपून करा. पॅराफिन खनिज तेलातूनच येतं, आणि कापसाला पाणी-औषधं किती लागतात ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. ही पिशवी वीस वर्षं वापरली तरच तिचा हिशेब बरोबर बसतो. दोन वर्षांत कंटाळून दुसरी घेतली, तर साधी नायलॉनची सॅक शेवटपर्यंत वापरणारा माणूस अधिक शहाणा.

श्रोत्यांचे प्रश्न

घरी वडिलांची जुनी खाकी हॅवरसॅक आहे. तिला मेण लावता येईल का?

येईल, पण आधी कापड जिवंत आहे का ते बघा. शिवणीजवळ दोन्ही हातांनी जोर लावून ताणा. टरकलं तर कापड आतून कुजलंय, मेणानं ते वाचणार नाही. तशी पिशवी आठवण म्हणून ठेवा. टिकलं तर ही एकच वेळ अशी की धुवायला हरकत नाही, कारण त्यात मेण नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. साबण राहिला तर तो पाण्याला आत ओढतो. मग कोपऱ्यावर थोडं मेण लावून रंग किती गडद होतो ते बघा. कारण एकदा लावलं की जुना रंग परत येत नाही.

शाळेच्या मुलांसाठी कशी?

नको. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं सांगितलं आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. त्यातली निम्मी मर्यादा रिकाम्या पिशवीनंच खाल्ली तर पुस्तकं कुठे ठेवणार?

मधमाशीचं मेण खरं आहे हे कसं ओळखायचं?

वास आणि चिवटपणा. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास असतो, आणि हातात मळलं की ते मऊ होतं. पॅराफिनचा तुकडा भुगा होऊन तुटतो, त्याला वास जवळजवळ नसतो. घेताना एक विचारून घ्या: मेण पेटीतल्या माशांचं की रानातल्या आग्या मोहोळाचं? आग्याचं पोळं जाळून काढलं असेल तर माशा मेलेल्या असतात. धूर देऊन, मधाचाच भाग कापून पोळं राखणारे लोकही आहेत. त्यांच्याकडून घेतलेलं बरं.

एवढी उस्तवार करायला वेळ कुणाला आहे?

प्रश्न रास्त आहे. वर्षातून एक दुपार लागते, त्याहून जास्त नाही. ती दुपार तुमच्याकडे नसेल तर निःसंकोच नायलॉनची घ्या, आत प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि डोंगरात जा. डोंगर त्यावरून काही विचारत नाही. आणि ती दुपार असेल, तर इथे बाहेरच्या टेबलावर दोन किलो मिश्रण आणि चार ब्रश ठेवले आहेत. ज्यांनी पिशव्या आणल्या असतील त्यांनी थांबा. ऊन अजून तासभर आहे.